नृत्याच्या क्लासला जाणारी मुलं मेहनतीकडे वेगळ्या नजरेने बघतात का?

गोदातीर
नाशिकमध्ये कथक आणि भरतनाट्यमचे वर्ग आता जवळपास प्रत्येक उपनगरात आहेत. पालक विचारतात ते प्रश्न ठरलेले: परीक्षा कधी, अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला एकल कार्यक्रम) कधी, दहावीला वाढीव गुण मिळतात का. मला वेगळंच विचारायचं आहे.
घरी आपण ‘मेहनत कर’ म्हणतो तेव्हा आपल्याला बहुतेक वेळा ‘जास्त वेळ बस’ एवढंच म्हणायचं असतं. नृत्याच्या वर्गात मेहनतीला मापं असतात. कितव्या मात्रेवर (तालाच्या ठोक्यावर) चुकलं, कोणत्या लयीत चुकलं, कोणता पाय चुकला, हे सगळं बोट ठेवून दाखवता येतं. त्यामुळे ‘मला जमत नाही’चं ‘मला दुगुणीत (दुप्पट वेगात) नवव्या मात्रेनंतर जमत नाही’ होतं. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.
जाणकारांना दोन प्रश्न. एक, हे खरोखर कोणत्या पायरीवर आणि कसं घडतं? दोन, ही समज गणिताच्या वहीपर्यंत पोचते की घुंगरू सोडले की तिथेच राहते? कृपया तपशिलात लिहा.

लयकारी
चांगला धागा. कथकपुरतं लिहिते, आणि तेही अगदी पहिल्या धड्याबद्दल, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.
तत्कार, म्हणजे पायांचा मूळ सराव: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आठ मात्रा, दोनदा म्हटलं की तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन. पाय असे पडतात: उजवा डावा उजवा डावा, आणि मग ‘आ’वर पुन्हा डावा. डावा उजवा डावा उजवा. परत ‘ता’वर पुन्हा उजवा. म्हणजे दर चार मात्रांनी एकच पाय लागोपाठ दोनदा पडतो. चालण्याची सवय याच्या बरोबर उलट आहे, म्हणून जवळजवळ प्रत्येक नवीन मूल ‘आ’वर उजवा पाय टाकतं आणि पुढची अख्खी ओळ उलटी होते.
आता ही चूक कशी सुधारतात ते बघा. ‘पुन्हा कर, पुन्हा कर’ म्हणून ती सुधारत नाही, उलट शंभर वेळा चुकीचं केलं की चूकच पक्की होते. आधी पाय थांबवायचे. हाताने ताल धरून बोल म्हणायचे (पढंत), टाळी १, ५ आणि १३ वर, खाली (टाळीऐवजी रिकामा हात) ९ वर. तोंडात बोल बसले का? मग फक्त ‘तत् आ’ हा जोड घ्यायचा, डावा-डावा, एवढंच वीस वेळा. मग ‘थेई तत् आ थेई’. मग पूर्ण ओळ. लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) मिनिटाला ६० मात्रांवर.
या क्रमात मूल तीन गोष्टी शिकतं. चूक तोंडात आहे की पायात, हे वेगळं करायचं. चुकीची जागा छोटी करायची. आणि वेग कमी करण्यात कमीपणा नाही.

रोखठोक
हे आदर्श वर्गाचं चित्र झालं. एका वेळी तीस मुलं असलेल्या वर्गात कोण कुणाचा ‘आ’ बघतं? डिसेंबर आला की गॅदरिंगच्या गाण्यांची तयारी सुरू, मुलं एकमेकांकडे बघून हातपाय हलवतात. त्यातून मेहनतीची कुठलीही समज येत नाही. पाठांतर येतं.

ठेका
@रोखठोक, तीस मुलांच्या वर्गाबद्दल अगदी मान्य. पण एक सोपा उपाय आहे आणि तो जुनाच आहे: घुंगरू काढून तत्कार. घुंगरू चूक झाकतात. सगळ्यांच्या पायात घुंगरू असले की एकच छनछनाट होतो, कोण पुढे कोण मागे कळत नाही. अनवाणी तळव्याचा आवाज मात्र लपत नाही. पाच-पाचच्या गटात, घुंगराशिवाय, दोन आवर्तनं. बाकीच्यांनी टाळी धरायची. दहा मिनिटांत तीस मुलं ऐकून होतात.

गोदातीर
म्हणजे घुंगरू जितके जास्त तितकी तयारी चांगली, हा समज उलटा आहे?

ठेका
निदान सुरुवातीला तरी. एका पायात २५ किंवा ५० पासून सुरुवात करावी, १०० नंतर कधीतरी. सुती दोरीत गाठ मारून ओवलेले, दोन घुंगरांमध्ये गाठ घट्ट. गाठ सैल असली की घुंगरू घसरून एका बाजूला गोळा होतात आणि घोट्याला काचतात. वजन वाढवायचं ते पाऊल स्वच्छ पडायला लागल्यावर. आधीच वाढवलं तर मूल पाय आपटायला लागतं, कारण त्याला वाटतं आवाज म्हणजे तयारी.

अर्धमंडल
भरतनाट्यमकडून लिहिते. आमच्याकडे मेहनतीची पहिली ओळख पायाच्या गणितातून होत नाही, बसण्यातून होते. अरैमंडी: टाचा जवळ, चवडे बाहेर, गुडघे बाजूला उघडलेले, पाठ सरळ. दिसायला सोपं. तीस सेकंदांत मांड्या थरथरायला लागतात.
इथे नेहमी होणाऱ्या चुका तीन. गुडघे पुढे येतात, म्हणजे चवड्यांच्या दिशेने न राहता आत पडतात. कंबर मागे जाते आणि पाठीत खळगा पडतो. आणि सगळ्यात लपलेली चूक म्हणजे लय वाढली की शरीर हळूहळू वर येतं. तट्टडवु (पाय मारण्याचा मूळ सराव) पहिल्या कालात (वेगात) खाली बसून छान होतो, दुसऱ्या कालात दोन बोटं वर, तिसऱ्या कालात मूल जवळपास उभंच असतं आणि त्याला ते कळतही नाही.
उपाय: भिंतीला पाठ टेकवून खाली सरकायचं, ३० सेकंद थांबायचं, चार वेळा, मध्ये एक मिनिट विश्रांती. मग भिंतीवर डोक्याच्या उंचीला खडूची रेघ मारायची. तिन्ही कालांत डोकं रेघेच्या वर गेलं नाही पाहिजे. गेलं की काल कमी करायचा. रेघेशी वाद घालता येत नाही. ‘तू आळशी आहेस’ आणि ‘तू रेघेच्या वर गेलीस’ या दोन वाक्यांत मुलाच्या मनावर होणारा परिणाम किती वेगळा आहे बघा.

सप्तशृंगी
खडूच्या रेघेला +१. चकरांनाही हेच चालतं. जमिनीवर एक फूट त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, मध्ये फुली. आठ चकरा घेऊन जिथे थांबाल तिथे दुसरी फुली. चार आठवडे दोन फुल्यांमधलं अंतर वहीत लिहायचं, बस.

स्नायूबंध
फिजिओथेरपीच्या बाजूने थोडं लिहितो, कारण ‘थरथरेपर्यंत बसा’ हे वाचून कुणी भलतंच करायला नको.
मेहनतीचं दुखणं आणि इजेचं दुखणं यातला फरक मुलांना शिकवणं हा याच विषयाचा भाग आहे. मांडीच्या मधल्या स्नायूत, दोन्ही बाजूंना सारखं, दुसऱ्या दिवशी जास्त आणि दोन-तीन दिवसांत जाणारं दुखणं चालतं. नडगीच्या हाडावर आतल्या बाजूने बोट दाबल्यावर एका जागी टोचणारं, सराव सुरू केल्यावर वाढणारं, रात्रीही जाणवणारं दुखणं चालत नाही. तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो.
अशा दुखण्यामागे बहुतेकदा फरशी असते. सिमेंटवर बसवलेल्या टाइल्स किंवा कोटा धक्का अजिबात शोषत नाहीत, सगळा भार नडगी आणि गुडघ्यावर येतो. सतरंजी अंथरून फरक पडत नाही, उलट ती सरकते. खाली रबरी मॅट आणि वर जाड प्लायवूड, कडा टेपने बंद, एवढं केलं तरी बरंच. आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड फरशीवर सरळ चौगुण (चौपट वेग) सुरू करू नका. आधी दहा मिनिटं घोटे, पोटऱ्या, कंबर मोकळी करा, मोजे घालून जागच्या जागी चाला, मग अनवाणी.
अरैमंडीतला उघडेपणा खुब्याच्या सांध्यातून आला पाहिजे. खुबा जेवढा उघडतो त्याच्यापुढे चवडे ओढले तर पीळ गुडघ्याला बसतो. प्रत्येकाच्या खुब्याची ठेवण वेगळी असते. हे ‘मेहनत केली की सगळं होतं’ या वाक्यात बसत नाही, आणि मुलाला ते स्पष्ट सांगितलं पाहिजे.

अर्धमंडल
@स्नायूबंध, शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा. पूर्ण सहमत. खोली प्रत्येकाची वेगळी, गुडघ्याची दिशा मात्र प्रत्येकाला सांभाळता येते. तिथे मेहनत मागायची.

पंचवटीकर
थोडं विषयांतर, पण नाशिककरांना आवडेल. ढोल पथकात हेच चालतं. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी मैदानावर सराव सुरू होतो. नवीन मुलाला वाटतं ढोल म्हणजे जोर. टिपरूच्या बाजूने तो दणकून मारतो, थापीच्या हाताकडे लक्षच नाही, आणि अर्ध्या तासात दंड भरून येतात. जुनी मुलं त्याला आधी ढोल कमरेला न बांधता नुसतं मांडीवर हात मारून ठोका म्हणायला लावतात. ताशाकडे कान. ताशा लय वाढवतो ती वाढ पकडणं हे खरं काम. पन्नास ढोल एकत्र वाजतात तेव्हा पुढे पळणारा एकच ढोल सगळं बिघडवतो.
@ठेका यांचं घुंगरू काढून तत्कार वाचलं आणि हे आठवलं.

ठेका
अगदी! मांडीवरचा ठोका म्हणजे तुमची पढंत.

देवळालीकर
लावणीबद्दल कुणीच लिहिलं नाही. तिथे वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्र हे फार उशिरा आलं. ढोलकीचा तोडा सुरू झाला की पायाने उत्तर द्यायचं, नऊवारीचा काष्टा आवळलेला, आणि चेहऱ्यावर दमल्याची एक रेघ दिसता कामा नये. पायात घुंगरांचा चाळ चांगला जड असतो. त्या परंपरेत शिकणं म्हणजे मुख्यतः जवळ बसून बघणं आणि फडात उभं राहून करणं. म्हणून चुकांची वही, खडूची रेघ हीच मेहनतीची एकमेव भाषा आहे असं समजू नये. तिथे कान आणि डोळा हीच मापं. ढोलकीवाल्याने तिहाईला (एकच तुकडा तीनदा घेऊन तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं) मान हलवली नाही की कळतं काय चुकलं ते.

लयकारी
@देवळालीकर, हा मुद्दा हवाच होता. दुरुस्ती लगेच मिळते हे दोन्हीकडे समान आहे, फक्त तिथे ती ढोलकीतून येते. चुकल्यावर तीन दिवसांनी कळलं तर शिकणं होत नाही. शाळेची तपासलेली उत्तरपत्रिका तीन आठवड्यांनी मिळते आणि मूल फक्त गुण बघतं, यातलं दुःख तेच आहे.

रोखठोक
माझा आक्षेप पुढे नेतो. परीक्षा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पायऱ्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. विशारदपर्यंत सात. आता काही ठिकाणी दहावीच्या आत अमुक पायरी गाठायची म्हणून मुलांना पळवलं जातं. अभ्यासक्रमात जेवढे तोडे (छोट्या नृत्यरचना), तेवढेच बसवायचे. एक आमद (प्रवेशाची रचना), चार तोडे, दोन तिहाया, पाठ. परीक्षकाने ‘हाच तोडा आठव्या मात्रेवर थांबवून पुढे म्हणा’ म्हटलं की मूल गोठतं. अशा मुलाला नृत्य मेहनतीबद्दल काय शिकवतं? की मेहनत म्हणजे यादी संपवणं.

सप्तशृंगी
परीक्षेला दोष का द्यायचा? सात पायऱ्यांची रचनाच मुळात ‘एक वर्षात सगळं होत नाही’ हे सांगते. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहिल्याशिवाय मिळत नव्हतं ते सामान्य घरातल्या मुलांसाठी पायऱ्यांत बसवलं. पुढे ते नाशिकला आले, पंचवटीतला त्यांचा रामनाम आधार आश्रम आपल्या गावचाच. १९३१ मध्ये ते गेले आणि त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी मंडळ उभं केलं. पायरी वाईट नाही, पायरी उडी मारून ओलांडणं वाईट.

रोखठोक
ठीक, हे मान्य. उडीबद्दलच बोलत होतो.

ठेका
यादी संपवणारं मूल आणि समजणारं मूल ओळखायची एक कसोटी: तिहाई स्वतः बांधायला सांगा.
तीनतालात समेपासून (पहिल्या मात्रेपासून) निघून पुढच्या समेवर यायचं म्हणजे १७ मात्रा मोजायच्या, कारण शेवटचा ठोका समेवर पडतो. तीन वेळा तुकडा आणि मध्ये दोन दम (रिकाम्या जागा). तुकडा ५ चा, दम १ चा: ५+१+५+१+५ = १७. नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून निघालात तर ९ मात्रा हातात. तुकडा ३ चा, दम नाही: ३+३+३. दमासकट हवी तर तुकडा १ चा, दम ३ चा: १+३+१+३+१. हे एकदा समजलं की मूल झपतालात (१० मात्रा) ११ चं गणित स्वतः मांडतं. ३+१+३+१+३. बरोबर ११.
सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दम खाणं. उत्साहात मूल मधली रिकामी मात्रा गिळतं आणि समेच्या आधीच पोचतं. म्हणून सुरुवातीला दमावर हाताने हवेत खूण करायला लावतात. रिकाम्या जागेलाही मोजून वेळ द्यावा लागतो हे त्यांना तिथे शरीराने कळतं.

गोदातीर
वा! हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. माझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या हे अगदी जवळ आलं. तिहाई बांधणाऱ्या मुलाला समीकरणं सोपी जातात का?

गणपतवाडी
इथे थोडा आवर घालायला हवा. १९०१ मध्येच थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की एका कामाचा सराव दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही, दोन्हींत सारखे भाग असतील तेवढंच उतरतं. पुढची संशोधनंही बहुतेक त्याच दिशेची आहेत. म्हणजे १७ मात्रांची बेरीज करणाऱ्याला बेरीज येईल, बीजगणित नाही.
दुसरं, दहा हजार तासांची जी गोष्ट सगळीकडे सांगतात तिचं मूळ एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनवादक. तो आकडा सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, ओलांडायचा उंबरठा नव्हता. त्यांचा खरा भर होता तो एकट्याने, एका उणिवेवर लक्ष ठेवून केलेल्या सरावावर. तुम्ही सगळे ‘तत् आ’ जोडाबद्दल जे लिहिताय तेच.

लयकारी
@गणपतवाडी, बरोबर. बीजगणित उतरणार नाही. पण ‘सारखा भाग’ काय आहे ते बघा: अडल्यावर काय करायचं याचा क्रम. तो सारखा असू शकतो, फक्त कुणीतरी तो मोठ्याने म्हणायला हवा. वर्गात गुरूने आणि घरी पालकांनी तीच वाक्यं वापरली तर.
उदाहरण. भागाकारात मूल अडलं. ‘परत कर’ म्हणू नका. विचारा: ‘पढंत कर’, म्हणजे पायऱ्या तोंडाने सांग. सांगता आल्या तर चूक हातात आहे, नाही आल्या तर समजण्यात. मग ‘तत् आ कुठे आहे?’ म्हणजे नेमकी कोणती पायरी. बहुतेक वेळा वरून अंक खाली आणतानाची. तेवढीच पाच वेळा, छोट्या आकड्यांवर. मग पूर्ण गणित, ठाह (मूळ संथ) लयीत, घड्याळ न लावता. कथक शिकणाऱ्या मुलाला ही भाषा लगेच कळते कारण ती त्याच्या अंगात आहे. न सांगता ते स्वतःहून हा पूल बांधेल अशी अपेक्षा मात्र चुकीची.

मायलेक
पालक म्हणून विचारते. रोज घरी किती वेळ सराव घ्यावा? वय ९, कथकचं दुसरं वर्ष. आणि बाजूला बसून आम्ही काय करावं? आम्हाला ताल कळत नाही.

लयकारी
वीस मिनिटं पुरेत, आठवड्यातून पाच दिवस. चार मिनिटं अंग मोकळं. पाच मिनिटं तत्कार ६० वर, ठाह आणि दुगुण, घुंगराशिवाय. सात मिनिटं फक्त एक अडलेली जागा, आठवडाभर तीच. शेवटची चार मिनिटं आवडीचा तोडा, कुणीही टोकायचं नाही.
लेहऱ्याचा वेग एकदम १० ने वाढवू नका. लागोपाठ चार आवर्तनं न अडखळता झाली की ४ ने वाढवा. पाचव्या दिवशी ७६ वर जमलं आणि सोमवारी ६८ वर अडखळलं तर घाबरू नका, हे नेहमीचं आहे. ६४ वरून परत सुरू करा.
ताल कळत नसला तरी दोन कामं तुम्ही करू शकता. वही लिहा: तारीख, वेग, अडलेली जागा. आणि सराव संपल्यावर ‘छान केलंस’च्या ऐवजी ‘आज कुठे अडलं आणि तू काय केलंस?’ विचारा. उत्तर जितकं नेमकं, तितका सराव खरा. ‘सगळंच अवघड होतं’ असं उत्तर आलं तर समजा वेग जास्त होता.

रोखठोक
वर्ग निवडताना बघायची गोष्टही हीच. चौकशीला जाल तेव्हा फी आणि कालिदास कलामंदिरातल्या कार्यक्रमाबरोबर एक विचारा: एक तास बाजूला बसून बघू का? त्या तासात शिक्षक किती वेळा एखाद्या मुलाचं नाव घेऊन नेमकी जागा सांगतात ते मोजा. ‘अजून जोरात’, ‘हसा’, ‘एनर्जी’ हे मोजू नका.

स्नायूबंध
आणि फरशी बघा.

मायलेक
धन्यवाद सगळ्यांना. अजून एक बारीक शंका: दुगुणीत ‘आ’वर पुन्हा उजवा पाय पडायला लागला आहे, ठाहमध्ये बरोबर येतो.

लयकारी
पाऊल फार उचललं जात असेल. वेळ निम्मा झाला तरी उंची तीच ठेवली की डावा पाय दुसऱ्यांदा वेळेवर परत येत नाही, आणि मोकळा असलेला उजवा पडतो. उंची दोन बोटांवर आणा, टाच जमिनीलगत. ‘तत् आ’ एवढंच, दुगुणीत, वीस वेळा. मग सांगा.